मगर पकडून नेत का नाहीत?
‘शिवारातले शेजारी’ : वाचकांचे प्रश्न, बडोद्याहून उत्तरं

प्रश्न : आम्ही बडोद्यातल्या दांडिया बाजारचे, शेती करजण तालुक्यात, ढाढर नदीपासून फार लांब नाही. दिवाळीनंतर शेततळ्यात मगर दिसायला लागली. मजूर मोटार सुरू करायला काठावर जायला तयार नाहीत. वन्यजीव स्वयंसेवकांना बोलावलं. दोन मुलं आली, तासभर काठावर बसली, फोटो काढले, ‘पाण्याजवळ वाकू नका’ म्हणून सांगितलं आणि निघून गेली! मग यांचा उपयोग काय? मजूर तर म्हणतात, कुंपणात करंट सोडा.
— एक वाचक

उत्तर : राग समजतो. पण त्या मुलांनी तासभर जे केलं, तेच खरं काम होतं. मगर केवढी आहे, कुठे ऊन खाते, बीळ आहे का, माणसांची पाऊलवाट तिच्या जागेवरून जाते का, हे बघायला तेवढा वेळ लागतोच.

आधी एक गोष्ट. मगर दिवाळीनंतर ‘आली’ असेलच असं नाही. थंडीत अंग तापवायला ती काठावर येऊन पडते, म्हणून दिसते. पावसाळाभर ती तिथेच असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. काठाच्या उताराला मातीत एखादं रुंद, वरून कमानदार भोक दिसतंय का बघा. त्याच्या तोंडाशी माती गुळगुळीत घासलेली असेल आणि मधोमध शेपटीची रेघ असेल, तर ती मुक्कामाला आहे.

आता पकडण्याचं. समजा नेली आणि आजवा तलावात सोडली. तिथे आधीच्या मगरी आहेत, त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. नवी आली की मारामारी. हरलेली मगर बाहेर पडते आणि एखाद्या गावात, गोठ्यात निघते. मगरींना जुन्या जागेची वाटही सापडते. आणि इकडे तुमचं तळं रिकामं झालं म्हणून काय झालं? बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री पुढे ढाढरलाच मिळते, दोन्हींत मगरी आहेत, आणि रात्रीच्या वेळी मगर शेतांमधून चांगली लांबवर चालत जाते. एक गेली की दुसरी येणार. फरक एवढाच की आत्ताची कुठे बसते हे तुम्हाला कळलंय, नवीचं काहीच माहीत नसेल. माझं मत सांगतो, काहींना ते आवडत नाही : आपल्याकडे गेल्या काही वर्षांत ‘रेस्क्यू’ फार झालं. निम्म्या वेळा जनावराला मदत नको असते, माणसाला व्हिडिओ हवा असतो.

पकडावी लागते तेव्हा पकडतातच. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा मगरी सोसायट्यांत होत्या, शहरातल्याच अकोटा भागात तर एक छपरावर जाऊन बसलेली सगळ्यांनी पाहिली. तिथे काठावर बसून निरीक्षण करत कोण बसेल? घर, रस्ता, गोठा, कोरडी विहीर अशा ठिकाणी वनखात्याची माणसं आणि त्यांच्या परवानगीने काम करणारे स्वयंसेवक मध्यरात्रीही येतात. तळ्यातली मगर मात्र तिच्या घरात आहे.

तुमच्यासाठी करण्यासारखं असं. स्टार्टरची पेटी काठापासून चांगली मागे घ्या; वायर जास्त लागेल, तेवढा खर्च होऊ द्या. फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) साफ करायला पाण्यात उतरावं लागणार नाही, असा दोर बांधून ठेवा. काठावरचं गवत काढा, म्हणजे ती पडलेली लांबून दिसेल. मेलेली कोंबडी, मासळीचा कचरा तळ्यात टाकायचा नाही, कुत्रं किंवा पारडू काठाशी बांधायचं नाही. भांडी-कपडे धुणं, हातपाय धुणं तिथे बंद, विशेषतः दिवेलागणीला. धोका खरा आहे, तो मी कमी करून सांगत नाही. पाण्यात उतरलेल्या किंवा काठावर वाकलेल्या माणसावर हल्ले झालेत. मजुरांच्या बायकांना पाणी घ्यावंच लागत असेल तर काठाचा एक कोपरा पाण्याच्या आतपर्यंत मजबूत जाळीने बंद करून द्या. ओडिशात भितरकनिकाच्या गावांत घाटांना असेच अडसर घातलेत, आणि तिथल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी आपल्याकडच्यांपेक्षा कितीतरी मोठ्या.

फेब्रुवारी ते एप्रिल जास्त जपा. मादी काठाच्या कोरड्या उंच मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि आसपास राखण करते. उकरलेली ताजी माती दिसली तर त्या बाजूला ट्रॅक्टर नेऊ नका. पावसाच्या तोंडावर पिल्लं मातीखालूनच ओरडतात, ते ऐकून ती खड्डा उकरते.

करंटचा विषय मनातून काढून टाका. मगर 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. मारली तर तीन ते सात वर्षं कैद. आणि त्या तारेला पहिला चिकटेल तो बहुतेक तुमचाच मजूर.

वाटलं तर एखाद्या रविवारी चरोतरात, म्हणजे आणंद-खेडा भागात, जाऊन या. देवा, मलातज, त्राज, हेरंज : गावतळ्यात मगर, त्याच तळ्याच्या दुसऱ्या काठाला म्हशी आणि धुणं. खोडियार मातेचं वाहन म्हणून लोक तिला मानतात. 2019 मध्ये महिसागर जिल्ह्यातल्या एका गावात मगर खोडियारच्या देवळातच शिरली, तर लोकांनी तिची पूजा मांडली आणि वनखात्याला हात लावायला बराच वेळ थांबावं लागलं. भक्ती पुरेशी असते असं मी म्हणत नाही. पण तिथला पोरगाही सांगतो, मगर आत्ता कुठल्या कोपऱ्यात आहे. तुमच्या मजुरांना तेवढं कळलं तरी मोटार सुरू होईल.

प्रश्न : उत्तरायणात मांज्यात अडकलेला पक्षी सापडला तर पाणी पाजावं का?
— वारसिया, बडोदा

उत्तर : चोच उघडून ओतू नका, श्वासात जातं. मांजा ओढू नका, कात्रीने दोन्हीकडून कापा, पंखात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि 1962 या प्राण्यांच्या हेल्पलाइनला फोन लावा. दरवर्षी जानेवारीत गुजरात सरकारच्या करुणा अभियानात उपचार केंद्रं उघडतात, तिथे न्या.

प्रश्न : माझं माहेर खेडा जिल्ह्यात, मातर तालुक्यात. भावाच्या भाताच्या खाचरात सारसाच्या जोडीने घरटं बांधलंय, दोन अंडी आहेत. भाऊ म्हणतो, अलगद उचलून बांधावर ठेवू, म्हणजे निंदणी करता येईल. ठेवली तर चालतील का? नुकसान किती होतं?
— एक वाचक, बाबाजीपुरा

उत्तर : ताई, अजिबात नको. जागा बदलली की जोडी घरटं टाकून देऊ शकते. शिवाय बांधावर कोल्ही-कुत्री रांगेत आहेत. घरट्याच्या चहूबाजूंनी पाणी असतं, तीच त्याची तटबंदी. कायद्याने अंडी हलवणं, घरट्याला त्रास देणं हेही शिकारीतच मोजतात, शेत स्वतःचं असलं तरी.

नुकसान? आसपासची रोपं उपटून, गवत ओढून ते ढीग रचतात. दोन हात पसरले तर मावेल एवढी जागा, आणि भोवती थोडी तुडवलेली. तेवढं भात जातं, खोटं कशाला बोलू. पण अंडी महिनाभरात फुटतात, नर-मादी आळीपाळीने उबवतात, आणि पिल्लं पहिल्या एक-दोन दिवसांतच आईबापामागे चालायला लागतात. कापणीला अजून वेळ असतो.

दादांना सांगा, निंदणी लांबच्या टोकाकडून सुरू करा आणि घरट्याच्या आसपासची शेवटी, सकाळी लवकर, पटकन उरका. भर दुपारी पक्षी उठवला की अंडी उन्हात भाजतात. त्या खाचराचं पाणी एकदम सोडू नका. आणि गावात फार बोभाटा नको. कॅमेरेवाल्यांना कळलं की बांधावर जत्रा भरते, तुमच्या भावाची रोपं ते जास्त तुडवतील. मातर-तारापूर भागात शेतकऱ्यांनीच घरट्यांची राखण केल्यामुळे सारस टिकलेत. गावात असं काम करणारं कोणी असेलच, त्यांना तेवढं कळवा. विजेच्या तारा घरट्यावरून जात असतील तर तेही सांगा, उडायला लागलेली पिल्लं तिथेच मरतात.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. स्वयंसेवक व्हायचंय. साप-मगर पकडायला शिकायला किती दिवस लागतात? घरून आईचा विरोध आहे.

उत्तर : आई बरोबर आहे, निदान या प्रश्नापुरती. पकडणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग. मगरीचं म्हणशील तर डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं की ती बरीच शांत होते. जबडा मिटायची ताकद भयंकर, पण उघडायचे स्नायू दुबळे, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनेही तोंड बांधून राहतं. हे वाचून तुला सोपं वाटलं असेल, तर तू अजून दोन वर्षं थांब. शेपटीच्या तडाख्याचं कुणी सांगत नाही.

खरं काम गर्दीशी. मगर गोठ्यात निघाली की अख्खं गाव जमतं, एक जण दगड मारतो, एक जण पोराला खांद्यावर घेऊन पुढे घुसतो, सरपंचाला सेल्फी हवा असतो. तिथे आवाज न चढवता, गावातल्या एखाद्या वयस्कर बाईंना हाताशी धरून, ‘बा, तमे कहो ने’ (आजी, तुम्हीच सांगा ना) म्हणत लोकांना मागे सरकवता आलं पाहिजे. आपल्या दांडिया बाजारी मराठीवर तिथे भागत नाही, गुजराती घासून घे. सापाच्या बाबतीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखता आलं आणि चावलेल्या माणसाला भगताकडे न नेता सरकारी दवाखान्यात पोचवता आलं, तर एका मोसमात तू जास्त जीव वाचवशील.

सुरुवात गणतीपासून कर. वल्लभ विद्यानगरची व्हॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था हिवाळ्यात चरोतरात मगरींची गणती घेते, त्यात नवखे लोकही असतात. दिवसभर एका तळ्याकाठी बसायचं, दिसेल ते कागदावर लिहायचं. रात्री टॉर्च मारली की पाण्यावर डोळे लाल चमकतात, ते मोजायचे. कंटाळा येतो. तो सोसला तर पुढे बोलू. वाढवाणा तलावही तुला जवळ आहे, गायकवाडी काळातला, 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत. तिथल्या पट्टकादंब हंसांवर (बार-हेडेड गूज) मोजणीचा हात बसव.

आणि गमबूट स्वतःचे घे. आमच्याकडचे सगळे नऊ नंबरचे आहेत.