सिंहाच्या शिकारीचे पैसे गावाला?

प्रश्न : कलमांवर माकडं, परसात रानडुकरं. आम्ही पार वैतागलोय. मुलगा म्हणतो, आफ्रिकेत श्रीमंत शिकाऱ्यांकडून पैसे घेऊन गावं जंगल राखतात. खरं का? तुम्हाला पटतं?
– एक बागायतदार, दापोली तालुका

उत्तर : खरं आहे, पण सगळीकडे नाही. नामिबियाने १९९६ साली कायदा बदलून गावांच्या संस्थांना वन्यप्राण्यांवर हक्क दिले. पर्यटनाचे नि शिकारीचे पैसे तिथे गावात येतात, राखणदारांचे पगार निघतात, मांसही वाटलं जातं. हत्तीने शेत तुडवलं तरी माणूस लगेच विष कालवत नाही, कारण हत्तीमुळे येणाऱ्या पैशात त्याचाही वाटा असतो. झिम्बाब्वेत मात्र बराच पैसा जिल्हा परिषदांतच अडकला, अशी जुनी तक्रार आहे. (ओळखीचं वाटतंय ना?) केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, तरी तिथले प्राणी घटलेच. बोट्सवानाने २०१४ ला बंदी घातली नि २०१९ ला उठवली.

मला स्वतःला हौसेखातर सिंह मारणारा माणूस आवडत नाही. २०१५ मध्ये झिम्बाब्वेतला सेसिल नावाचा प्रसिद्ध सिंह शिकारीत मारला गेला तेव्हा मीही चडफडलो. पण माझा राग तिथल्या गुराख्याचं वासरू भरून देत नाही.

आपलं कोकण किनाऱ्यावरचं वेळास गाव बघा. कासवाची अंडी पूर्वी सर्रास पळवली जायची. आता पिल्लं बघायला पाहुणे येतात, घरोघरी उकडीचे मोदक वाढले जातात. पण तुमच्या डुकरांना बघायला कोण येणार, हे मला अजून सुचलेलं नाही.