समरची फी: चार क्रेडिट महाग, सात क्रेडिट स्वस्त

"ताई, समरला एड मिळतच नाही म्हणे. खरं का हो?"

न्यू जर्सीतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या फायनान्शियल एड, म्हणजे आर्थिक मदतीच्या, ऑफिसात मी बसते. मार्च उलटला की उन्हाळी टर्मबद्दलचा हा प्रश्न सुरू होतो. विचारणारे आपले मराठी पालक असले तर तो देवळात, मंडळाच्या गुढीपाडव्याच्या जेवणात किंवा थेट फोनवर येतो. पाठोपाठ आणखी एक वाक्य असतंच: "म्हणून आम्ही प्रायव्हेट लोन बघतोय." या दुसऱ्या वाक्याचीच मला जास्त धास्ती असते.

2025 च्या उन्हाळ्यातली एक हकिगत सांगते. घर ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. नियम मात्र जसेच्या तसे आहेत.

मुलगी बायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. घर नाशिककडचं, सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळालेलं. वडील एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर, आई डेकेअरमध्ये. फॉलमध्ये, म्हणजे डिसेंबरात संपणाऱ्या टर्ममध्ये, मुलीने ऑरगॅनिक केमिस्ट्री घेतली, मिडटर्मला दणका बसला आणि नोव्हेंबरात तिने तो विषय सोडला. ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, लागला. तिच्या कॉलेजात ऑरगॅनिकनंतर येणारी बायोकेमिस्ट्री फक्त स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारीनंतरच्या टर्ममध्ये, असते आणि त्यानंतरची शेवटची लॅब फक्त फॉलमध्ये. म्हणजे ऑरगॅनिकचा पहिला भाग त्या उन्हाळ्यात झाला नाही, तर पदवी अख्खं एक सेमिस्टर लांबणार. चार क्रेडिटचा विषय, क्रेडिटला 450 डॉलर, एकूण 1,800. घरात तेवढे मोकळे पैसे नव्हते, कारण वडिलांचा ओव्हरटाइम जानेवारीपासून बंद झाला होता.

ते तिघं आले तेव्हा वडिलांच्या फोनवर एका खासगी कर्जाचा अर्ज अर्धा भरलेला होता. टेक्ससमधल्या मेव्हण्यांना को-साइनर, म्हणजे कर्जाला जामीन, करायचं ठरलं होतं. आई म्हणाली, "मदत फॉल आणि स्प्रिंगची असते, समर आपल्या खिशातून, असं आमच्या ओळखीतले सांगतात." वडील सारखे मुलीकडे बघत होते. "हिने तो विषय सोडलाच नसता तर..." हे वाक्य त्यांनी दोनदा अर्धवट सोडलं. मी त्यांना थांबवलं. डब्ल्यू पडून गेला होता, त्याची चर्चा घरी करा म्हटलं. मला तिचा एडचा रेकॉर्ड बघायचा होता.

ओळखीतले सांगतात त्यात थोडं तथ्य आहे. समरसाठी वेगळी थैली नसते. 1 जुलै ते 30 जून असं एडचं वर्ष असतं आणि समर त्या दोन वर्षांच्या सांध्यावर येतं. काही कॉलेजं समरला सरत्या वर्षाची शेपटी धरतात, काही नव्या वर्षाचं तोंड. आमच्याकडे ती शेपटी. म्हणून 2025 च्या समरला 2024-25 चाच फाफ्सा, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज, लागला, नवा भरायची गरज नव्हती. तुमच्या मुलाच्या कॉलेजात काय पद्धत आहे हे पहिल्या फोनमध्ये विचारून घ्या. नव्या वर्षाचं तोंड असेल तर उन्हाळ्यात घेतलेलं कर्ज पुढच्या फॉल-स्प्रिंगच्या वाट्यातून वजा होतं, आणि ऑगस्टमध्ये बिल बघून घरात वादावादी होते.

आता पेल ग्रँट. ही परत न करायची मदत. 2024-25 साठी तिची कमाल रक्कम 7,395 डॉलर होती. फाफ्सातून निघणारा एसएआय हा घराच्या ऐपतीचा आकडा त्यातून साधारण वजा होतो. या मुलीचा एसएआय 3,395, म्हणजे वर्षाचं पेल 4,000. फॉलला 2,000, स्प्रिंगला 2,000, संपलं. वडिलांच्या मते विषय इथेच मिटत होता.

पण तो मिटत नाही. 2017 च्या कायद्याने वर्षभराचं पेल पुन्हा सुरू झालं. याआधीही दोन वर्षं ते होतं, पण खर्च झेपेना म्हणून 2011 मध्ये बंद केलं होतं. ओळखीतल्यांची माहिती बहुधा त्या मधल्या काळातली असावी. आताच्या नियमाप्रमाणे पात्र विद्यार्थ्याला एका वर्षात ठरलेल्या रकमेच्या दीडपट, म्हणजे 150 टक्क्यांपर्यंत पेल मिळू शकतं. अट एकच, आणि सगळा खेळ तिच्यावरच आहे: हे जादा पेल हवं तर त्या अख्ख्या समरमध्ये मिळून निदान अर्धवेळ, म्हणजे सहा क्रेडिट, घ्यावी लागतात.

मुलीने नोंदवली होती चार.

चार क्रेडिटला जादा पेल शून्य. फेडरल कर्जालाही अर्धवेळाचीच अट, त्यामुळे तेही शून्य. 1,800 च्या 1,800 खिशातून. मी तिला विचारलं, "तुझ्या डिग्रीत आणखी काय बाकी आहे जे तुला कधीतरी घ्यावंच लागणार?" ती म्हणाली, "स्टॅटिस्टिक्स. तीन क्रेडिटचं." ते समरच्या दुसऱ्या सत्रात ऑनलाइन होतं.

मी कागद ओढला आणि वडिलांच्या समोरच हिशेब मांडला. सात क्रेडिट गुणिले 450, बिल 3,150. पूर्णवेळ बारा क्रेडिटची. 2024-25 पासून पेल क्रेडिटच्या टक्केवारीवर मिळतं आणि बाराला सात म्हणजे 58 टक्के. पूर्णवेळाचे 2,000, त्याचे 58 टक्के 1,160. बिलातून वजा केले, उरले 1,990. म्हणजे चार क्रेडिटला 1,800 आणि सातला 1,990. तीन क्रेडिटचा विषय, जो एरवी 1,350 ला पडला असता, तो 190 डॉलरमध्ये.

वडिलांनी पेन घेऊन सगळी बेरीज-वजाबाकी स्वतः पुन्हा केली. मला ते आवडलं.

हे वाचून कुणी मुलाला उगाच जादा विषय घ्यायला लावू नका. डिग्रीत न मोजला जाणारा विषय पेलसाठी घेणं म्हणजे ऋण काढून सण करणं. शिवाय एड डिग्रीला लागू असणाऱ्या विषयांचीच मोजली जाते, तेव्हा तो बेत मुळात चालणारही नाही. इथे स्टॅटिस्टिक्स सक्तीचंच होतं, म्हणून जमलं.

मुलीची मैत्रीण तिला म्हणाली होती की स्टॅटिस्टिक्स काउंटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजात, कर, क्रेडिट 200 डॉलरला पडतं. ऐकायला फार छान. पण मग आमच्याकडे राहतात चारच क्रेडिट आणि पेल पुन्हा शून्य. 1,800 अधिक 600, झाले 2,400. स्वस्त कॉलेज 410 डॉलरने महाग पडलं असतं. दोन कॉलेजांत कन्सॉर्शियम करार असेल तर तिकडची क्रेडिटही इकडच्या एडमध्ये धरता येतात, पण तो करार आधी सही होऊन हातात हवा. नंतर कागद फिरवून उपयोग नसतो. ज्यांना पेल मिळतच नाही त्यांच्यासाठी मात्र काउंटी कॉलेज हाच शहाणपणाचा रस्ता, फक्त क्रेडिट आपल्याकडे ट्रान्सफर होणार का ते आधी लेखी घ्या.

राहिले 1,990. आता कर्ज. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फेडरल डायरेक्ट लोन वर्षाला 6,500 पर्यंत मिळतं. तिने फॉल-स्प्रिंगमध्ये ते पूर्ण उचललं होतं. तिसऱ्या वर्षाची मर्यादा 7,500. तिसरं वर्ष आमच्याकडे 60 क्रेडिटला लागतं आणि मेअखेर तिची होत होती 58. मी रेकॉर्ड खाली सरकवत होते तेवढ्यात ती सहज म्हणाली, "पण माझं हायस्कूलचं एपी हिस्ट्री त्यात दिसत नाहीये." एपी म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेज पातळीची परीक्षा. गुण चांगले होते, पण स्कोअर कॉलेजला कधी पाठवलाच नव्हता. पाठवला, रजिस्ट्रारने तीन क्रेडिट चढवली, ती झाली 61. वर्गाची पायरी बदलली आणि मधल्या फरकाचे 1,000 डॉलर उघडले, तेही सबसिडाइज्ड. म्हणजे निदान अर्धवेळ शिकत असेपर्यंत आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्यावरचं व्याज सरकार भरतं. शुल्क कापून हातात 989. घरातून घालायचे उरले हजाराच्या आसपास, तेही हप्त्यांनी. मेव्हण्यांना फोन करायची गरज उरली नाही.

वडिलांनी पॅरेंट प्लसचंही, म्हणजे पालकांच्या नावावरच्या फेडरल कर्जाचंही, विचारलं. त्या वर्षी त्याचा व्याजदर 9.08 टक्के होता, वर सव्वाचार टक्क्यांच्या आसपास शुल्क. हजार डॉलरसाठी त्या वाटेला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. 1 जुलै 2026 पासून या कर्जाला नव्याने घेणाऱ्यांसाठी वर्षाला 20,000 आणि एका मुलामागे एकूण 65,000 डॉलरची मर्यादाही आहे.

पैशाचं जमलं, पण माझी खरी काळजी वेगळी होती. ऑरगॅनिक सहा आठवड्यांत करायची म्हणजे रोज लॅब, रोज वाचन, आणि पोरीने त्याच सहा आठवड्यांसाठी एका दुकानात आठवड्याला तीस तासांची नोकरी धरलेली. वडिलांचा ओव्हरटाइम गेला म्हणून. तिने हे घरी सांगितलंच नव्हतं, आईला माझ्यासमोर कळलं. आई मुलीला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं गं नोकरी कर म्हणून?" ती म्हणाली, "कोणी नाही. पण बाबा रात्री एक्सेल घेऊन बसतात."

यावर वडील काही बोलले नाहीत. मीही लगेच काही बोलले नाही. मग कॅलेंडर उघडून नोकरी जुलैवर ढकलायचं सुचवलं. स्टॅटिस्टिक्सबरोबर ती झेपण्यासारखी होती. कारण इथे दुसऱ्यांदा घसरणं परवडणारं नव्हतं. एड चालू राहायला घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण व्हावी लागतात आणि डब्ल्यू हा घेतलेल्यात मोजला जातो, पूर्ण झालेल्यात नाही. एका डब्ल्यूने तिचं काही बिघडलं नव्हतं. पण दुसरं सत्र सुरू व्हायच्या आधी तिने स्टॅटिस्टिक्स काढून टाकलं असतं तर क्रेडिट चारवर आली असती आणि 1,160 चं पेल, कर्जासकट, हातचं गेलं असतं. दरवर्षी जुलैत अशी काही मुलं माझ्यासमोर बसतात. फिरायला जायचं ठरतं, भारताचं तिकीट निघतं, दुसरं सत्र "ड्रॉप" होतं आणि आठवड्याभरात बिल येतं.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. समर दोन सत्रांत विभागलेलं असेल तर आमच्याकडे पेल पहिल्या दिवशी जमा होत नाही. सहा क्रेडिटची हजेरी सुरू झाल्यावरच होतं, म्हणजे तिच्या बाबतीत जुलैत. पण बिल येतं मेमध्ये. तोवर वर्गातून नाव कमी होऊ नये म्हणून बर्सरच्या, म्हणजे फी घेणाऱ्या, ऑफिसात एड येणार असल्याची नोंद करून घ्यावी लागते. ती आपोआप होईल असं धरून चालू नका, जाऊन विचारा.

ओव्हरटाइमचा मुद्दा राहिला होता. फाफ्सा दोन वर्षं जुनं उत्पन्न बघतो. 2025-26 च्या फाफ्सात 2023 चं, म्हणजे ओव्हरटाइम जोरात असतानाचं. अशा वेळी एड ऑफिसला उत्पन्न घटल्याचे पुरावे देऊन फेरविचार मागता येतो. मी फॉर्म पुढे केला. वडील म्हणाले, "म्हणजे कंपनीकडून पत्र आणायचं की माझा पगार कमी झालाय?" त्यांना ते मागायला जड जात होतं, स्पष्ट दिसत होतं. पत्र नको, जुन्या आणि नव्या पे स्टब, म्हणजे पगाराच्या स्लिपा, चालतील, असं सांगितलं तेव्हा त्यांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

जाता जाता एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या मुलांच्या पालकांसाठी. फेडरल मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी थोड्या गटांनाच मिळते. एच-4 आणि एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, त्यात बसत नाहीत, हे कटू आहे पण तसंच आहे. तुमच्यासाठी कॉलेजची स्वतःची शिष्यवृत्ती, हप्त्यांची सोय आणि काउंटी कॉलेज असे मार्ग उरतात. एफ-1 वाल्यांना सुट्टीत कॅम्पसवर पूर्णवेळ काम करता येतं. एच-4 वर तेही नाही. म्हणून त्या घरांना मी समरची आखणी आदल्या नोव्हेंबरातच करायला सांगते.

मुलीला ऑगस्टमध्ये ऑरगॅनिकला बी आणि स्टॅटिस्टिक्सला ए मिळाला. पे स्टब आल्या, फेरविचार झाला, पुढच्या वर्षीचं पेल वाढलं. त्यानंतर वडिलांचा फोन आला तो वेगळ्याच शंकेसाठी: "उन्हाळ्यात जास्तीचं घेतलं, तर पुढे कधीतरी कमी पडेल का?" पेलला जन्मभराची मर्यादा 600 टक्के, म्हणजे पूर्णवेळाची बारा सेमिस्टर. हिची दोन वर्षांची 200 आणि उन्हाळ्याची 29 मिळून 229 वापरून झाली होती, आणि लागणार होती आणखी 200. कमी पडणार नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, धाकटा यंदा बारावीला आहे, त्याचा एपीचा स्कोअर कॉलेजला नेमका कधी पाठवायचा.