बॅचची वर्गणी काढताना

प्रिय मित्रा,

पदवीनंतर दहा वर्षांनी बॅच भेटणार आणि कॉलेजसाठी पैसे गोळा करायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, हे तुझ्या मेलवरून कळलं. ‘निम्मे जण अजून कर्जाचे हप्ते फेडतायत, कितीसे जमणार?’ असं विचारलंयस. फार जमणार नाहीत. दहाव्या वर्षी कुठल्याच बॅचचे जमत नाहीत. तू किती रुपये जमले ते मोजू नकोस, किती जणांनी दिले ते मोज.

आज ज्याने थोडे का होईना दिले, त्याच्याकडे पुन्हा मागायला जाता येतं. ज्याला कोणी विचारलंच नाही, त्याचा पंचविसाव्या वर्षी नुसता फोन नंबर शोधण्यातच महिना जातो. येल विद्यापीठाचा माजी विद्यार्थी निधी १८९० पासून चालू आहे, तो दरवर्षी मागत राहण्याच्या या शिस्तीवरच. आयआयटी मुंबईच्या १९९८ च्या बॅचने २०२३ मध्ये रौप्यमहोत्सवी संमेलनात ५७ कोटी रुपये देण्याचं जाहीर केलं, तेव्हा पेपरात मथळा आकड्याचा होता. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे, की ते दोनशेहून जास्त जणांनी मिळून दिले होते. शिवाय मोठा देणगीदार किंवा एखादा ट्रस्ट कॉलेजला हमखास विचारतो, ‘तुमचे स्वतःचे विद्यार्थी देतात का?’ त्या वेळी प्राचार्यांना सांगायला देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची टक्केवारी लागते. अमेरिकेत तर ‘यूएस न्यूज’ या प्रकाशनाच्या कॉलेज-क्रमवारीत या टक्केवारीला वर्षानुवर्षं गुण होते. २०२३ मध्ये तो निकष काढून टाकला, ते बरंच झालं. गुणांसाठी मागितलं की मागण्यात खोट येते.

आता पैसे कशासाठी द्यायचे. तुमच्या ग्रुपवर कोणीतरी कमान सुचवेल, कोणी बाक, कोणी संगमरवरी पाटी. बॅचचं नाव दिसावं असं सगळ्यांनाच वाटतं, त्यात गैर काही नाही. पण ठरवण्याआधी एकदा कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बस आणि विचार, ‘गेल्या वर्षी कुठल्या खर्चाला पैसे सापडले नाहीत?’ उत्तरं अगदी साधी मिळतील. प्रयोगशाळेतलं उपकरण देणगीतून आलं, त्याचा देखभाल करार संपला आणि आता ते कापड पांघरून कोपऱ्यात उभं आहे. ग्रंथालयाची जर्नल्सची वर्गणी थकली आहे. एखाद्या मुलीच्या घरची कमाई सत्राच्या मध्येच थांबली. तिची शिष्यवृत्तीची मुदत टळून गेलेली आणि परीक्षा शुल्क भरायची तारीख परवावर आलेली. अशा वेळी कॉलेजच्या हाताशी कुठलीही अट नसलेले थोडे पैसे असले, तर त्याच दिवशी प्रश्न सुटतो. इमारतीसाठी आलेल्या लाखांतून तिचं शुल्क भरता येत नाही, कारण ज्या कामासाठी देणगी दिली त्याच कामाला ती वापरावी लागते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. निदान निम्मी रक्कम बिनशर्त द्या.

कायमनिधीचा आग्रह धरणारा एक जण प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याला गणित घालून दाखव. कायमनिधीतली मुद्दल तशीच ठेवायची आणि साधारण चार-पाच टक्केच दरवर्षी खर्चायचे, अशी रीत असते. दहा लाख ठेवले तर वर्षाला चाळीस-पन्नास हजार. ते कायम मिळत राहतील हे खरं, पण तेवढ्यात शिष्यवृत्ती किती जणांना पुरणार? रक्कम मोठी असेल तर कायमनिधीसारखं दुसरं काही नाही. पहिल्या संमेलनाला मात्र ती घाई नको.

मागताना ग्रुपवर मेसेज टाकून मोकळा होऊ नकोस. ‘सर्वांना विनंती’ ही कोणालाच केलेली विनंती नसते. वसतिगृह, विभाग, नाटकाची टीम असे गट पाड आणि ज्याचं ज्याच्याशी जमायचं त्यानेच त्याला फोन करावा. सुरुवात तुझ्यापासून कर. स्वतः दिल्याशिवाय मागताना आवाज लागत नाही. आणि कृपा करून व्यासपीठावर नावं आणि रकमा वाचून दाखवू नका. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे, तोही त्या सभागृहात बसलेला असतो, आणि पुढच्या वेळी तो येतच नाही. नावं छापायचीच असतील तर रकमेशिवाय, अकारविल्हे छापा.

कबूल केलेली रक्कम आणि जमा झालेली रक्कम या दोन गोष्टी वेगळ्या. संमेलनाच्या रात्री गाणी झाली की माणसं हात सैल सोडतात, सोमवारी विसरतात. पंधरा दिवसांच्या आत प्रत्येकाला खाते क्रमांक पाठव. पैसे तुझ्या खात्यावर चुकूनही घेऊ नकोस, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत आणि पावती प्रत्येकाच्या नावाने निघू दे. वर्षभराने कॉलेजकडून खर्चाचा हिशेब माग आणि तो सगळ्यांना पाठव, न दिलेल्यांनाही.

ऑफिसात जाऊन आलास की ती यादी मला पाठव. कशाला आधी हात घालायचा ते फोनवर ठरवू.

तुझा,
एक जुना माजी विद्यार्थी