वाचकांचे प्रश्न : बनारसच्या वसतिगृहातले सण

प्रश्न : माझी मुलगी बनारस हिंदू विद्यापीठात एम. ए. करण्यासाठी गेली आहे. गणपतीला तिला घरी येता येणार नाही, म्हणून ती हिरमुसली आहे. तिने वसतिगृहाच्या खोलीत मूर्ती बसवावी का? तिकडे आपले सण होतात तरी का? (एक आई, कराड)

उत्तर : मूर्ती बसवायची असेल, तर आधी खोलीतल्या मैत्रिणीला आणि मग वॉर्डनबाईंना विचारावे, क्रम हाच ठेवावा. मच्छरदाणी, वह्यापुस्तके आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे असलेल्या खोलीत समई मात्र लावू नये. वितीएवढी शाडूची मूर्ती, दीड दिवस आणि बादलीत विसर्जन, एवढे पुरेसे आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर तिथे गंगेत मूर्ती सोडत नाहीत, हेही तिला सांगून ठेवा. आरतीला माणसे हवी असतील, तर विद्यापीठात मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. शिवाय शहराच्या उत्तर अंगाला ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी आहेत आणि त्यांचा गणेशोत्सवही आहे. विद्यापीठ अगदी दक्षिण टोकाला असल्यामुळे तिथवर जायला वेळ लागतो, म्हणून परतीची वेळ आधी ठरवून निघावे.

मात्र मला आपल्या मुलीला सांगावेसे वाटते ते वेगळेच आहे. त्या आवारातला खरा मोठा दिवस भाद्रपदात नाही, माघात येतो. तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते विद्यापीठाची कोनशिला बसली ती ४ फेब्रुवारी १९१६ रोजी, शुक्रवारी, माघ शुद्ध प्रतिपदेला. परंतु स्थापना दिन पाळला जातो तो चार दिवसांनंतरच्या तिथीला, म्हणजे वसंत पंचमीला. त्या सोहळ्यातच ६ फेब्रुवारीला गांधीजींनी दागिन्यांनी मढलेल्या संस्थानिकांसमोर ते प्रसिद्ध, आणि व्यासपीठावरच्या अनेकांना न रुचलेले, भाषण केले. इंटरची परीक्षा सोडून काशीला आलेल्या विनायक भावे या विशीतल्या मराठी मुलाने त्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात वाचला, गांधीजींना पत्रे लिहिली आणि ७ जून १९१६ रोजी तो त्यांना जाऊन भेटला. पुढे त्याला सारा देश विनोबा म्हणून ओळखू लागला. काशीला गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो, आणि ती ऐकून सगळेच आईवडील खूश होतात असे नाही.

वसंत पंचमीला निरनिराळ्या विद्याशाखांच्या झाँक्या, म्हणजे आपले चित्ररथ, आवारातून निघतात. वसतिगृहांत आणि विभागांत सरस्वतीची मूर्ती बसते. मी तिथे शिकत असताना आमच्या वसतिगृहाची मूर्ती आदल्या संध्याकाळी सायकलच्या ट्रॉलीवरून आली होती. पुढून देवी पांढरीशुभ्र, हातात वीणा. मागून पाहिले तर पेंढा आणि सुतळी उघडी. विद्यापीठाच्या मुख्य दाराबाहेरच्या लंका नावाच्या चौकातले खड्डे चुकवताना दोघांनी ट्रॉली धरली होती आणि तिसरा केवळ वीणा सांभाळत चालला होता. रात्रभर पताका चिकटवणे चालले आणि सकाळी पिवळे कपडे घालून सगळे पूजेला बसले. प्रसादाच्या द्रोणात बुंदी, गाजराच्या फोडी आणि बोरे होती. बंगाली मुलांनी तोवर एकही बोर तोंडात घातले नव्हते, कारण सरस्वतीला वाहिल्याशिवाय ते खायचे नाही असा त्यांचा नेम. पुस्तके देवीच्या पायाशी ठेवलेली असल्याने त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी, आणि हा नियम मात्र सर्व प्रांतांच्या मुलांनी एकमताने पाळला. दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढलेल्या आपल्या मुलीला यातले काहीच परके वाटणार नाही. माझ्या मते तिने गणपतीत खोलीत एकटीने आरती म्हणण्यापेक्षा माघातल्या त्या रात्री पताका चिकटवायला जावे. दोन्ही जमले तर उत्तमच.

प्रश्न : मी याच विद्यापीठात शिकतो. जुलै २०२५ मध्ये माझ्या वसतिगृहातल्या मित्रांनी श्रावणी सोमवार धरले, तेव्हा घरी आईचा आषाढ चालू होता. महाशिवरात्र आपल्याकडे माघात असते, हे माझे मित्र मानायलाच तयार नाहीत. चूक कोणाची? (एक विद्यार्थी, मूळ गाव नांदेड)

उत्तर : चूक कोणाचीच नाही. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. पहिल्या पद्धतीला अमान्त आणि दुसरीला पूर्णिमान्त म्हणतात. शुद्ध पक्षाला दोन्हीकडे एकाच महिन्याचे नाव असते, त्यामुळे गणेश चतुर्थी, विजयादशमी आणि वसंत पंचमी यांच्याबाबत वाद होत नाही. वद्य पक्षात मात्र उत्तरेचा महिना एका नावाने पुढे गेलेला असतो. आपली माघ वद्य चतुर्दशी ती त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. रात्र तीच, शंकर तोच, नाव वेगळे. गोकुळाष्टमी आपल्या श्रावणात आणि त्यांच्या भाद्रपदात येते. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आपली आश्विनातली आणि त्यांची कार्तिकातली.

श्रावणाचे प्रकरण थोडे वेगळे आहे, कारण तिथे केवळ नाव बदलत नाही, व्रताचे दिवसच सरकतात. २०२५ मध्ये उत्तरेचा श्रावण ११ जुलैला लागला आणि आपला २५ जुलैला. तुमच्या मित्रांचा पहिला सोमवार १४ तारखेचा होता, तुमच्या आईचा २८ तारखेचा. तुम्ही दोन्हीकडचे सोमवार पाळायचे ठरवलेत, तर उपवास दीड महिना चालेल. मेसच्या साबुदाण्याची चव लक्षात घेता मी तो सल्ला देणार नाही.

होळीलाही तुम्ही गोंधळाल. आपल्या अनेक गावांत धुळवड झाल्यावर रंगासाठी रंगपंचमीची वाट पाहतात. तिथे होळी पेटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळा रंग उरकतो. दुपारी अंघोळ करून, नवे कपडे घालून, कोरडा गुलाल आणि गुझिया घेऊन लोक एकमेकांकडे जातात. गंमत अशी, की तो दिवस त्यांच्या पंचांगात चैत्राचा असतो, पण नवे संवत्सर लागते ते आपल्या गुढीपाडव्यालाच. म्हणजे चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात जातो. थंडाई कोणी पुढे केली तर तिच्यात भांग आहे का, हे घोट घेण्याआधी विचारावे. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, कार्तिक शुद्ध षष्ठीला असते. त्या सुमारास पूर्वांचल आणि बिहारकडची मुले घरी जात असल्यामुळे गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीला नांदेडला जाणार असाल, तर आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते; परतीच्या तारखेचे ज्या सकाळी खुले होईल, त्याच सकाळी परतीचेही तिकीट पाहावे.

प्रश्न : सरस्वती पूजेसाठी वरच्या वर्गातली मुले खोलीखोलीत फिरून प्रत्येकी दोनशे रुपये मागतात. माझी श्रद्धा नाही. नाही म्हटले तर वर्षभर तोंड चुकवावे लागेल का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : वर्गणी ऐच्छिक असते, आणि ती तशी नसेल तर तिला वर्गणी म्हणत नाहीत. सक्ती झाली तर वॉर्डनकडे लेखी तक्रार करावी; वरच्या वर्गाने दडपण आणून पैसे काढणे हे रॅगिंगच्या व्याख्येत बसते. मात्र साधी विनंती असेल, तर दारातच वाद घालू नका. हे विद्यापीठ त्याचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीयजींनी देशभर हिंडून मागितलेल्या देणग्यांवर उभे राहिले आहे. तिथल्या मुलांना मागण्याची लाज वाटत नाही, आणि नकारही ते फारसा मनावर घेत नाहीत. पूजा नको असेल तर फक्त जेवणाच्या खर्चाचा वाटा देते, असे सांगून पाहा. पावती मात्र मागा. विसर्जनानंतर हिशेबाचा कागद फलकावर लावायला सांगा, आणि तो लावायला कोणी पुढे येत नसेल तर ते काम स्वतःकडे घ्या.