कसोटी संघात मधल्या फळीतील फलंदाजाला सलामीला पाठवणे योग्य आहे का?

होय, योग्य आहे. मात्र त्याला किमान एक संपूर्ण मालिका सलामीलाच खेळू देण्याची निवड समितीची तयारी हवी. भारताचाच इतिहास पाहिला, तर कसोटी पदार्पणात 2001 मध्ये ब्लूमफाँटेनला सहाव्या क्रमांकावर शतक ठोकणाऱ्या वीरेंद्र सेहवागला 2002 च्या इंग्लंड दौऱ्यात सलामीला आणले गेले, आणि त्याने लॉर्ड्सवर 84, तर पुढच्याच कसोटीत नॉटिंगहॅमला 106 धावा केल्या. रोहित शर्माही 2013 मध्ये मधल्या फळीतूनच सुरुवात करून 2019 मध्ये विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सलामीला आला आणि दोन्ही डावांत (176 व 127) शतके झळकावून गेला. संघात जागा हवी तर सलामीलाच, अशी स्थिती या दोघांचीही होती, हे विसरता येत नाही. नव्या चेंडूपुढे ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडण्याचा संयम लागतो हे खरे, परंतु क्षेत्ररक्षक स्लिपमध्ये गुंतलेले असताना मोकळ्या मैदानाचा लाभ फटकेबाज फलंदाजालाच अधिक होतो, असे मला वाटते. अर्थात हा उपाय सर्वांनाच मानवत नाही: व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने सलामीला येऊन 2000 मध्ये सिडनीत 167 धावा केल्या, तरी त्या जागेवर तो स्थिरावला नाही आणि 2001 मधील कोलकात्याची 281 धावांची खेळी त्याने तिसऱ्या क्रमांकावर केली.