उमेदवाराची सेवानोंद आणि बातमीचा कल

प्रश्न : अमेरिकेत उमेदवाराच्या लष्करी सेवेवरून वाद पेटला की एक वाहिनी त्याला वीर ठरवते, दुसरी खोटारडा. पक्षपात नेमका कुठे शोधायचा?

उत्तर : विशेषणांत शोधू नका, बातमी कोणत्या कागदावर उभी आहे ते पाहा. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार आणि व्हिएतनाम युद्धात नौदलात असलेले जॉन केरी यांच्याविरुद्ध ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ’ या माजी नौसैनिकांच्या गटाने, ते आपल्या युद्धसेवेबद्दल खोटं बोलतात असा आरोप करणारी जाहिरात काढली. पैसे मोजून ती तीनच राज्यांत दाखवली गेली. देशभर पोचवली ती वृत्तवाहिन्यांनी, चर्चेच्या निमित्ताने आणि फुकट. एक पाहुणा आरोप करायचा, दुसरा तो फेटाळायचा आणि वेळ संपायची. वरवर हा समतोल वाटतो, पण आमच्या मते पक्षपाताचा सर्वांत फसवा प्रकार हाच. नोंदी न वाचताच दोन्ही बाजूंना सारखं वजन दिलं, की ज्याच्याकडे पुरावा नाही त्याचंच फावतं.

कागद वाचल्यावर काय होतं, तेही याच प्रकरणात दिसलं. १३ मार्च १९६९ रोजी व्हिएतनाममध्ये केरींनी नदीत पडलेल्या जिम रासमन या सैनिकाला बाहेर काढलं. त्या वेळी शत्रूचा गोळीबार नव्हताच, असं गटातले लॅरी थर्लो सांगत होते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने थर्लो यांनाच त्या दिवसासाठी मिळालेल्या ब्राँझ स्टार पदकाचं सन्मानपत्र मिळवलं. त्यात शत्रूच्या गोळीबाराचा उल्लेख निघाला. सन्मानपत्रातलं ते वर्णन थर्लो यांनी अमान्य केलं. त्यांचं म्हणणं छापणंही आवश्यकच होतं, फक्त ते कागदाच्या शेजारी छापलं गेलं, कागदाऐवजी नव्हे. दुसरीकडे, संपूर्ण नोंदी खुल्या करण्याच्या फॉर्मवर केरींनी सही केली ती २००५ मध्ये, निवडणूक होऊन गेल्यावर. तो आग्रह त्यांच्या बाजूच्या माध्यमांनी प्रचारकाळातच लावून धरायला हवा होता.

प्रश्न : त्याच निवडणुकीत सीबीएस या वाहिनीने केरींचे प्रतिस्पर्धी आणि तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव दलातल्या सेवेबद्दल वादग्रस्त कागद दाखवले. तो पक्षपात होता की घाई?

उत्तर : स्वतंत्र चौकशी समितीने जानेवारी २००५ च्या अहवालात घाईवर बोट ठेवलं, राजकीय हेतू होता असा निष्कर्ष काढता येत नाही, असं तिने म्हटलं. मात्र घाई कुठे कुठे झाली, ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. कागद बुश यांचे वरिष्ठ जेरी किलियन यांचे म्हणून आले होते. किलियन १९८४ मध्येच वारले होते. हाती मूळ प्रती नव्हत्या, झेरॉक्स होत्या, आणि झेरॉक्सवरून शाई किंवा कागदाचं वय ठरत नाही. एका तज्ज्ञाने फक्त सहीबद्दल मत दिलं होतं. इतरांनी शंका काढल्या, त्या मागे पडल्या. कागद देणाऱ्याने ते कुठून आले हे नीट सांगितलेलं नव्हतं, आणि नंतर त्याबाबत खोटं बोलल्याचं कबूल केलं. ८ सप्टेंबर २००४ ला कार्यक्रम दाखवला गेला आणि काही तासांतच लोकांनी अक्षरांची ठेवण आजच्या संगणकासारखी असल्याचं दाखवून दिलं. २० सप्टेंबरला वाहिनीने चूक मान्य केली.

यात खरं नुकसान आणखी एक झालं. वैद्यकीय तपासणी न केल्यामुळे बुश यांचं उड्डाण ऑगस्ट १९७२ पासून थांबवलं गेलं, हे अस्सल सरकारी नोंदींतच होतं. पण वादग्रस्त कागदांच्या गदारोळात त्यावरची चौकशीही बदनाम झाली.

प्रश्न : २०२४ मधले डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ इराकला जाणं टाळण्यासाठी नॅशनल गार्डमधून निवृत्त झाले, असा आरोप झाला. त्याबद्दल दोन्ही बाजूंच्या बातम्या तारखा देत होत्या. तरी त्या एकमेकींशी जुळेनात. असं का?

उत्तर : कारण प्रत्येकाने आपल्या सोयीची तारीख उचलली. घटनाक्रम असा : मार्च २००५ मध्ये त्यांच्याच संसदेच्या निवडणुकीच्या प्रचारपत्रकात तुकडीची इराकला रवानगी होऊ शकते असं म्हटलं होतं, मे महिन्यात ते निवृत्त झाले, तुकडीला रवानगीच्या पूर्वसूचनेचा आदेश जुलैत मिळाला, ती इराकला गेली मार्च २००६ मध्ये. फक्त जुलै सांगितला की ते निर्दोष दिसतात, फक्त मार्च २००५ सांगितला की पळपुटे. चारही तारखा देणारी बातमी निवडा. हुद्द्याचंही तसंच. कमांड सार्जंट मेजर हे वरचं पद त्यांनी सांभाळलं, पण त्यासाठीचा अभ्यासक्रम पूर्ण न झाल्याने निवृत्तीची नोंद मास्टर सार्जंट या खालच्या हुद्द्यावर झाली. दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकच छापलं की वाचक फसतो.

प्रश्न : ‘नोंदी जळाल्या’ असं उत्तर कधी कधी दिलं जातं. त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : आधी सैन्यदल आणि वर्ष विचारा. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस इथल्या लष्करी नोंदींच्या केंद्राला आग लागून सुमारे १.६ ते १.८ कोटी फाइली नष्ट झाल्या, हे खरं. पण त्या १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या आणि १९४७ ते १९६४ मधल्या हवाई दलाच्या काही फाइली होत्या. नौदलाच्या आणि मरीन दलाच्या फाइली त्यात नव्हत्या. त्यामुळे व्हिएतनाममध्ये नौदलात होतो म्हणणाऱ्याला हे कारण लागू पडत नाही. सेवेच्या तारखा, हुद्दा आणि पदकं माहिती अधिकाराच्या अर्जाने उमेदवाराच्या सहीशिवायही मिळू शकतात. वैद्यकीय कागदांसाठी मात्र त्याची संमती लागते. म्हणून उमेदवाराने सगळं खुलं केलं, असं बातमीत आलं, तर त्याने फॉर्म १८० वर, म्हणजे लष्करी नोंदी मागवण्याच्या सरकारी अर्जावर, सही केली का आणि त्या नोंदी कोणाच्या हाती दिल्या, हे बातमीत शोधा.