अपील म्हणजे ते सगळे पुन्हा सांगणे का?

हिंसक गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्ती भरपाईच्या आदेशावर नाराज असतात, तेव्हा त्यांची पहिली शंका बहुधा रकमेविषयी नसते. "अपील केलं तर ते सगळं पुन्हा सांगावं लागेल का?" असे त्या विचारतात, आणि या धास्तीपायीच अनेकदा मुदत निघून जाते.

घरी शिवणकाम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत). अनोळखी माणसाने केलेल्या चाकूहल्ल्यात त्यांच्या उजव्या हाताच्या नसा तुटल्या होत्या. हल्लेखोर सापडलाच नाही. अशा वेळीही पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७अ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. त्यानुसार बाईंना रक्कम मंजूर झाली, पण तिच्यातून उपचारांचा खर्चही भागत नव्हता. त्यांचे दीर म्हणत होते, "मिळालं तेवढं घ्या, वहिनी. लोक म्हणतील, पैशासाठी चाललंय." भरपाई ही मेहेरबानी नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, हे घरच्यांच्या गळी उतरवणे मला आदेश समजावून सांगण्यापेक्षा अवघड गेले.

त्यांनी आदेश आणला होता, पण वाचला नव्हता. हल्ल्याचे वर्णन असलेल्या परिच्छेदापाशी त्या थांबत. तो परिच्छेद मी कोऱ्या कागदाने झाकला आणि आम्ही फक्त कारणे वाचली. 'कायमच्या अपंगत्वाचा पुरावा सादर केलेला नाही,' एवढ्या एका वाक्यावर रक्कम ठरली होती. अर्जासोबत केवळ डिस्चार्ज कार्ड जोडलेले होते आणि उत्पन्नाचा रकाना रिकामा होता, कारण घरी बसून केलेल्या कामाला उत्पन्न म्हणतात असे त्यांना वाटलेच नव्हते. हल्ला झाला की नाही, याबद्दल कोणी शंका घेतलीच नव्हती. मग अपिलात त्याचे वर्णन नव्याने कशाला लागणार?

महिला पीडितांसाठीच्या २०१८ च्या राष्ट्रीय योजनेत अवयवाच्या हानीची भरपाई अपंगत्वाच्या टक्क्यांनुसार ठरते. २०, ४० आणि ८० टक्क्यांना टप्पा बदलतो. म्हणून सरकारी रुग्णालयाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र हाच अपिलाचा कणा ठरला. सोबत नेहमीच्या गिऱ्हाइकांची लेखी निवेदने आणि मापांची वही जोडली. हल्ल्यानंतर त्या वहीत एकही नोंद नव्हती.

या योजनेत आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करावे लागते. बाईंची मुदत उलटली होती, पण समाधानकारक कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे जोडून त्यांनी तसा अर्ज दिला. राज्यांच्या स्वतःच्या योजनांमधील मुदत वेगळी असू शकते, त्यामुळे ज्या योजनेखाली आदेश झाला तिचे नाव आधी पाहावे आणि आदेश कधी हाती पडला हे दाखवण्यासाठी टपालाचे पाकीट जपून ठेवावे.

वकिलाच्या खर्चाची चिंता त्यांना होतीच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ज्या कार्यालयाच्या आदेशावर आपली हरकत आहे त्याच्याकडेच वकील मागणे विचित्र वाटते खरे, पण त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

अपिलाच्या मसुद्यात हल्ल्याविषयी एकच ओळ होती: 'घटनेचा तपशील मूळ अर्जाप्रमाणे.' ती वाचल्यावर बाईंनी सही केली.